ओकडेन प्रकरण: ४४ पैकी ४४ निकष पूर्ण करणारं डिमेन्शिया केंद्र

ॲडलेड ही दक्षिण ऑस्ट्रेलियाची राजधानी. शहराच्या ईशान्येकडच्या ओकडेन या उपनगरात राज्य सरकारचं एक निवासी केंद्र होतं, १९८२ साली सुरू झालेलं. तीव्र स्वरूपाचा डिमेन्शिया असलेले आणि जुनाट मानसिक आजार असलेले वृद्ध तिथे राहायचे. २०१६ च्या सुरुवातीला केंद्र सरकारच्या तपासणी संस्थेने तिथल्या शुश्रूषा विभागांची पाहणी केली. ४४ पैकी ४४ निकष पूर्ण होत असल्याचा शेरा दिला आणि तीन वर्षांची मान्यता बहाल केली. मार्च २०१७ मध्ये त्याच संस्थेने पुन्हा पाहणी केली, तेव्हा ४४ पैकी १५ निकषांत हेच विभाग नापास ठरले. पुढच्या महिन्यात राज्याच्या मुख्य मनोविकारतज्ज्ञांचा अहवाल आला आणि त्या वर्षातच केंद्र बंद करण्यात आलं.

एका वर्षात एखादं केंद्र इतकं बिघडतं का? ओकडेन बिघडलेलं होतंच, आणि बऱ्याच आधीपासून. २००७ साली हेच विभाग ४४ पैकी २६ निकषांत नापास झाले होते. त्यानंतर बाहेरच्या अनुभवी संस्थेची मदत घेतली गेली, त्रुटी दूर झाल्याचं दाखवलं गेलं, मान्यता परत मिळाली. म्हणजे नापास, पास, पास, आणि पुन्हा नापास असा दहा वर्षांचा हा प्रवास आहे. मधल्या काळातल्या 'पास'चा अर्थ काय होता, हे समजून घेण्यासाठी मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे डिमेन्शियाची निवासी केंद्रं आता कुठे वाढू लागली आहेत. त्यांच्यासाठी निकष लिहायची वेळ येईल, तेव्हा ओकडेनची गोष्ट टेबलावर असायला हवी.

कोण राहायचं तिथे

डिमेन्शिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विसरणारी आजी येते. चष्मा शोधणारी, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारणारी. पण आजार वाढतो तशी काहींची वागणूकही बदलते. रात्रभर चालत राहणं, ओरडणं, आंघोळ घालायला आलेल्या माणसाला मारणं, चावणं, परक्याच्या खोलीत शिरणं, घरातलं माणूस चोर वाटणं. ऑस्ट्रेलियातले वृद्धमनोविकारतज्ज्ञ हेन्री ब्रॉडाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली या लक्षणांची सात पायऱ्यांची उतरंड मांडली. खालच्या पायऱ्यांवर मोठी संख्या, तिथे घरची माणसं आणि गावातले डॉक्टर पुरतात. वरच्या दोन पायऱ्यांवर फार थोडे लोक, पण त्यांना सांभाळायला वेगळी इमारत, वेगळं प्रशिक्षण आणि भरपूर मनुष्यबळ लागतं.

ओकडेन या वरच्या पायऱ्यांसाठी होतं. साध्या वृद्धनिवासांनी 'आम्हाला झेपत नाही' म्हणून सोडलेले लोक इथे यायचे. त्यामुळे नातेवाइकांकडे दुसरा पर्याय नसायचा. तक्रार करावी तर ही जागाही जाईल, मग न्यायचं कुठे? ज्यांनी घरच्या माणसासाठी अशी जागा शोधली आहे त्यांना ही भीती समजावून सांगावी लागत नाही. गुणवत्तेच्या कुठल्याही चर्चेत ही भीती धरलीच पाहिजे, कारण तक्रार आली नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असा निष्कर्ष इथे साफ चुकतो. राहणाऱ्याला सांगता येत नाही, आणि ज्याला सांगता येतं तो घाबरलेला असतो.

एका पत्नीने लावून धरलेली गोष्ट

जानेवारी २०१६ मध्ये पार्किन्सन्स आणि डिमेन्शिया असलेले एक गृहस्थ ओकडेनमध्ये दाखल झाले. काही आठवड्यांतच त्यांना तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावं लागलं. अंगावर मोठे काळेनिळे डाग होते, आणि ते कशाने आले हे केंद्रातलं कुणी समाधानकारक सांगू शकलं नाही. शरीरातलं पाणी कमी झालं होतं, छातीत संसर्ग होता. पुढे उघड झालं की, मानसिक लक्षणांसाठीचं एक औषध त्यांना लिहून दिलेल्या मात्रेच्या दहापट दिलं गेलं होतं. जुलैमध्ये त्यांचं निधन झालं.

दहापट ही चूक औषधांच्या जगात ओळखीची आहे. एक शून्य जास्त वाचलं जातं किंवा दशांश चिन्ह नजरेतून सुटतं. हाताने लिहिलेल्या औषधपत्रकावर हे कुठेही घडू शकतं. म्हणून तर चांगल्या ठिकाणी एकावर एक चाळण्या असतात: दुसऱ्या परिचारिकेने पडताळणं, फार्मासिस्टने आठवड्याला पत्रक तपासणं, डोस दिल्यावर माणूस कसा आहे हे पाहणं. पार्किन्सन्स असलेल्या माणसाला या गटातली औषधं आधीच जपून द्यावी लागतात, त्यांनी शरीर ताठरतं, गिळणं अवघड होतं, गुंगी येते. शिवाय डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ पासून छापायला लावला आहे. म्हणजे दहापट डोस गेला, तेव्हा एकाच माणसाची चूक झाली असं म्हणून भागत नाही. मधल्या सगळ्या चाळण्या एक तर नव्हत्या, किंवा कागदावरच होत्या.

पत्नी आणि मुलगा गप्प बसले नाहीत. पत्नीने केंद्राकडे विचारलं, वरच्या अधिकाऱ्यांकडे गेल्या, उत्तरं अपुरी वाटली तेव्हा पुन्हा गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये त्या भागाच्या सरकारी आरोग्य यंत्रणेच्या प्रमुखांनी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि राज्याचे मुख्य मनोविकारतज्ज्ञ डॉ. ॲरन ग्रोव्ह्ज यांना संपूर्ण सेवेचीच तपासणी करायला सांगितलं.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. ४४ निकष, मान्यता देणारी संस्था, राज्याचं मानसिक आरोग्य खातं, अधूनमधून येणारे अधिकृत भेटकर्ते, एवढी सगळी यंत्रणा असताना चौकशीला सुरुवात झाली ती एका बाईंनी आपल्या नवऱ्याच्या अंगावरचे डाग नीट पाहिले म्हणून. ज्यांना भेटायला कुणी येत नव्हतं, त्यांच्या अंगावर काय होतं?

अहवालात काय निघालं

ग्रोव्ह्ज यांच्या पथकाने आठवडेच्या आठवडे तिथे काढले, कर्मचारी आणि कुटुंबीयांशी बोलले, नोंदी वाचल्या. एप्रिल २०१७ मध्ये आलेला अहवाल सहा अंगांनी लिहिलेला आहे: देखभालीची पद्धत, इमारत, मनुष्यबळ, गुणवत्ता-सुरक्षा व्यवस्था, कामाची संस्कृती आणि बांधून ठेवण्यासारखे निर्बंध. सहाही अंगांमध्ये गंभीर दोष निघाले. सगळ्यांवर सारखं लिहिण्याऐवजी मला जे सर्वात बोचलं त्याविषयी सविस्तर लिहितो.

निर्बंध. रहिवाशांना खुर्चीला कमरेच्या पट्ट्याने अडकवून ठेवण्याचं प्रमाण ओकडेनमध्ये फार होतं. कारण नेहमी एकच दिलं जातं: पडू नये म्हणून. ऐकायला पटतं. पण बांधलेला माणूस दिवसभर बसून राहतो, आणि काही आठवड्यांत त्याच्या पायातली ताकद जाते. एके दिवशी तो पट्टा सोडून उठतो आणि खरंच पडतो. मग पट्टा आणखी घट्ट होतो. बसून बसून पाठीला आणि कुल्ल्यांना जखमा होतात, ज्यांना आपण बेडसोर म्हणतो. पाणी मागता येत नाही, लघवीला जाता येत नाही, म्हणून चिडचिड वाढते, आणि ती वाढलेली चिडचिड बांधण्याचं नवं कारण ठरते. सुरक्षेच्या नावाखाली सुरू झालेली गोष्ट माणसाला वर्षभरात अंथरुणाला खिळवते, आणि नोंदवहीत 'आजार वाढला' असं लिहिलं जातं.

या चिडचिडीमागे बऱ्याचदा दुखणं असतं. नॉर्वेच्या पश्चिम भागातल्या १८ शुश्रूषागृहांत ३५२ रहिवाशांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना डिमेन्शिया होता, सगळे अस्वस्थ, आक्रमक वागत होते. निम्म्या ठिकाणी ठरलेल्या पायऱ्यांनी दुखण्यावर उपचार केले गेले, बहुतेकांना साधं पॅरासिटॅमॉल मिळालं. आठ आठवड्यांत त्यांची अस्वस्थता दुसऱ्या गटापेक्षा लक्षणीय कमी झाली. ज्याला 'माझा गुडघा दुखतोय' हे शब्द सापडत नाहीत, तो हात उगारतो. हे ओळखायला आंघोळ घालताना, कूस बदलताना, बसवताना चेहऱ्याकडे पाहणारं आणि त्या माणसाला रोज भेटणारं कुणीतरी लागतं.

आणि तिथेच ओकडेनचं मनुष्यबळ कमी पडत होतं. एवढ्या अवघड रहिवाशांसाठी वृद्धरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ यांची हजेरी अगदीच अपुरी होती. परिचारिकांना या कामाचं खास प्रशिक्षण नव्हतं. दिवसभर करण्यासारखं काही नाही, बोलायला कुणी नाही, फिरायला मोकळी बाग नाही. अशा जागेत निरोगी माणूसही अस्वस्थ होईल. इमारत जुन्या मानसिक रुग्णालयाच्या वळणाची होती आणि अशा रहिवाशांसाठी अयोग्य असल्याचं अहवालाने स्वच्छ म्हटलं.

संस्कृतीबद्दलचा भाग वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. चूक नोंदवणाऱ्यापेक्षा गप्प बसणाऱ्याला तिथे सोपं होतं. काही चांगले कर्मचारीही होते, त्यांनी आवाज उठवला होता, पण तो वरपर्यंत पोचत नव्हता किंवा पोचून विरत होता. काही कर्मचाऱ्यांना कामावरून दूर केलं गेलं, काही बाबी पोलिसांकडे गेल्या. पण सगळा दोष चार-पाच वाईट माणसांवर टाकून अहवाल संपत नाही, आणि हेच त्याचं मोठं बळ आहे.

दोन मालक, एक घर

ओकडेनमध्ये तीन विभाग होते. मॅक आणि मॅक्ले या दोन विभागांना केंद्र सरकारच्या वृद्धसेवा योजनेतून पैसा आणि मान्यता मिळत होती. तिसरं क्लेमेंट्स हाऊस राज्याच्या मानसिक आरोग्य सेवेचा भाग होतं. चालवणारं तिन्ही विभागांचं एकच, राज्य सरकार. पाहणारे वेगवेगळे. केंद्र सरकारची तपासणी संस्था आली की दोन विभाग बघायची आणि राज्याच्या मानसिक आरोग्य यंत्रणेला वाटायचं की वृद्धसेवेचं काम केंद्र सरकार बघतं आहे. केंद्र सरकारला वाटायचं की एवढ्या गुंतागुंतीच्या रुग्णांचं वैद्यकीय बाजूने राज्य बघत असणार.

राज्याचे भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयुक्त ब्रूस लँडर यांनी नंतर वेगळी चौकशी केली. फेब्रुवारी २०१८ मधल्या त्यांच्या अहवालाच्या शीर्षकातच ओकडेनला दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातलं लाजिरवाणं प्रकरण म्हटलं आहे. पाच व्यक्तींवर आणि संबंधित सरकारी आरोग्य यंत्रणेवर त्यांनी गैरकारभाराचा ठपका ठेवला. त्याआधीच, सप्टेंबर २०१७ मध्ये, राज्याच्या संबंधित मंत्री लीसा व्हलाहोस यांनी मंत्रिपद सोडलं होतं. वर बसलेल्यांना माहीत नव्हतं, हा बचाव लँडर यांनी मान्य केला नाही. इतकी वर्षं इतक्या जणांना खटकत असलेली गोष्ट वर कळली नसेल, तर कळवण्याची व्यवस्था बांधणं हेही वरच्यांचंच काम होतं.

निकष काय मोजत होते

आता मूळ प्रश्नाकडे. ४४ निकष वाईट नव्हते. व्यवस्थापन, आरोग्य, रहिवाशांचं जीवन आणि जागेची सुरक्षितता अशा चार गटांत ते विभागलेले होते. औषधं, पोषण, वेदना, त्वचा, वागणुकीची देखभाल, प्रतिष्ठा, सगळं त्यात होतं. बांधणीत मोठी चूक काढता येणार नाही.

चूक पडताळणीत होती. तपासणीपथक प्रामुख्याने विचारायचं: याबद्दल तुमचं धोरण आहे का, प्रशिक्षण झालं का, सुधारणेची योजना आहे का, नोंद दाखवा. पूर्ण मान्यतेच्या पाहणीची तारीख केंद्राला आधी ठाऊक असायची. २००७ च्या नामुष्कीनंतर ओकडेनच्या व्यवस्थापनाने मान्यता टिकवणं हेच उद्दिष्ट मानलं आणि त्यासाठी लागणारे कागद जमवण्यात शक्ती घातली. परीक्षेत काय विचारतात ते कळलं की, तेवढाच अभ्यास होतो. पथकाने रहिवाशांशी बोलणं अपेक्षित होतंच, पण ओकडेनमधले रहिवासी उत्तर देऊ शकत नव्हते. मग ज्यांची परीक्षा, तेच साक्षीदार उरले.

माझं म्हणणं एवढंच आहे की, डिमेन्शियाच्या निवासी केंद्राचे निकष तक्रार करू न शकणाऱ्या माणसाला धरून लिहावे लागतात. बाकीच्या जवळजवळ सगळ्या सेवांत ग्राहक बोलतो, आणि निकष त्याच्या बोलण्याला पूरक असतो. इथे बोलणाराच नाही. म्हणून पुरावा शरीरावरून, वेळापत्रकावरून आणि न सांगता आलेल्या पाहुण्याच्या नजरेतून घ्यावा लागतो. सहा महिन्यांपूर्वी वजन किती होतं आणि आज किती आहे? पाठीवर जखम आहे का? किती जण शामक किंवा मानसिक लक्षणांच्या औषधांवर आहेत, आणि त्यातल्या किती जणांचं औषध तीन महिन्यांत कुणी कमी करून पाहिलं? शनिवारी रात्री दोन वाजता किती माणसं जागी असतात? या उत्तरांना धोरणाची फाईल लागत नाही.

ऑस्ट्रेलियाने पुढे काय केलं

ओकडेननंतर केंद्र सरकारने केट कार्नेल आणि रॉन पॅटर्सन यांच्याकडून संपूर्ण देशाच्या वृद्धसेवा तपासणीचा आढावा करून घेतला. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या त्या आढाव्यात दहा शिफारशी होत्या. जुलै २०१८ पासून पुनर्मान्यतेच्या पाहण्या आगाऊ सूचना न देता होऊ लागल्या. १ जानेवारी २०१९ पासून तपासणी आणि तक्रारी एकाच छताखाली आणणारा वृद्धसेवा गुणवत्ता आणि सुरक्षा आयोग सुरू झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये ४४ निकषांच्या जागी रहिवाशाच्या प्रतिष्ठेपासून सुरू होणारी आठ मानकं आली.

ऑक्टोबर २०१८ मध्ये रॉयल कमिशन, म्हणजे सरकारने नेमलेला सर्वोच्च पातळीवरचा चौकशी आयोग, नेमलं गेलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याची पहिली सुनावणी ॲडलेडमध्येच झाली आणि पहिल्या साक्षीदार होत्या नवऱ्याच्या अंगावरचे डाग पाहणाऱ्या त्याच पत्नी. ऑक्टोबर २०१९ च्या अंतरिम अहवालाला कमिशनने एकच शब्द शीर्षक म्हणून दिला: हेळसांड. १ मार्च २०२१ रोजी संसदेत मांडलेल्या अंतिम अहवालात १४८ शिफारशी आहेत.

या सगळ्यातून जे कायद्यात उतरलं, त्यातल्या काही गोष्टी थेट ओकडेनची उत्तरं आहेत. एप्रिल २०२१ पासून गंभीर घटना कळवणं सक्तीचं झालं, आणि त्यात विनाकारण बांधून ठेवणंही गंभीर घटना म्हणून मोजलं जातं. जुलै २०२१ पासून निर्बंध घालण्याआधी दुसरे उपाय करून पाहिल्याची नोंद, माहितीपूर्वक संमती आणि नियमित फेरविचार बंधनकारक झाला. औषधाने गप्प करण्यालाही बांधण्याइतकंच निर्बंध मानलं गेलं, हा मला सगळ्यात मोठा बदल वाटतो. पट्टा डोळ्यांना दिसतो, गोळी दिसत नाही. जेवणाच्या ताटावर मान टाकून बसलेली बाई पाहुण्याला 'शांत' वाटते.

मनुष्यबळावरही आकडा आला. जुलै २०२३ पासून प्रत्येक निवासी केंद्रात चोवीस तास नोंदणीकृत परिचारिका हवी. ऑक्टोबर २०२३ पासून प्रत्येक रहिवाशामागे रोज सरासरी २०० मिनिटांची देखभाल सक्तीची झाली, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ती २१५ मिनिटं, त्यातली ४४ नोंदणीकृत परिचारिकेची. वजन घटणं, बेडसोर आणि निर्बंध यांचे आकडे २०१९ पासून, तर पडणं आणि औषधं यांचे २०२१ पासून दर तिमाहीला कळवावे लागतात. डिसेंबर २०२२ पासून केंद्रांना ताऱ्यांची श्रेणी मिळते, ती कुटुंबं घरबसल्या पाहू शकतात. अधिकारांवर उभा असलेला नवा वृद्धसेवा कायदा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला, त्यात आता सात मानकं आहेत.

हे सगळं ऐकून ऑस्ट्रेलियाचा प्रश्न सुटला असं समजू नये. परिचारिका मिळत नाहीत, दूरच्या गावांत तर मुळीच नाही. केंद्रं आपले आकडे आपणच भरतात, म्हणजे कागदाचा धोका नव्या रूपात शिल्लक आहे. आणि एक बाजू मेलबर्न-सिडनीतल्या मराठी घरांच्या जवळची आहे. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा बहुतेकदा आधी गळते. चाळीस वर्षं तिथे राहिलेल्या, इंग्रजीत नोकरी केलेल्या आजोबांना अखेर मराठीच उरते. 'पाणी', 'दुखतंय', 'घरी चला' हे शब्द ज्या पाळीत कुणालाच कळत नाहीत, त्या पाळीत ते आजोबा कागदावर 'आक्रमक' ठरतात. तिथल्या मराठी मंडळांनी जवळच्या केंद्राला पंचवीस-तीस शब्दांचं पत्रक करून दिलं तर त्याचा उपयोग महागड्या उपकरणापेक्षा जास्त होईल, असं मला मनापासून वाटतं.

महाराष्ट्रात याचा उपयोग

भारतात साठीच्या पुढच्या लोकांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरच्या अभ्यासाने मांडला. यातले बहुतेक घरीच आहेत, सून, मुलगी किंवा बायको यांच्या जिवावर. पण पुण्या-मुंबईकडे निवासी केंद्रं वाढत आहेत, आणि त्यात दोष काहीच नाही. चोवीस तासांची देखभाल एका बाईच्या अंगावर टाकून 'आमच्याकडे आई-वडिलांना बाहेर ठेवत नाहीत' म्हणणं मला मोठेपणाचं वाटत नाही.

ऑस्ट्रेलियासारखी एकच देशव्यापी तपासणी यंत्रणा आपल्याकडे नाही. पण हात अगदीच रिकामे नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराची जी व्याख्या आहे तिच्यात दिशा-काळाचं भान आणि स्मृती यांतल्या गंभीर बिघाडाचाही समावेश आहे. त्याच कायद्याचं ९७ वं कलम म्हणतं की, शारीरिक निर्बंध फक्त अगदी समोर ठाकलेली, तात्काळ होऊ शकणारी इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, आणि प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने वापरता येतो. शिक्षा म्हणून वापरता येत नाही. माणसं कमी आहेत एवढ्या कारणाने वापरता येत नाही. आणि प्रत्येक वेळी नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करायला नेमलेल्या व्यक्तीला, चोवीस तासांच्या आत कळवावं लागतं. 'माणसं कमी आहेत' हेच तर ओकडेनमधलं खरं कारण होतं, आणि आपल्या कायद्याने ते नाव घेऊन बंद केलं आहे.

अडचण अशी की, बरीच केंद्रं स्वतःला वृद्धाश्रम किंवा निवास म्हणवतात आणि हा कायदा आपल्याला लागू आहे असं मानतच नाहीत. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाने डिमेन्शियाच्या रहिवाशांना ठेवून घेणाऱ्या केंद्रांबाबत हे एकदा स्पष्ट करावं, ही माझी पहिली मागणी आहे. ओकडेनमध्ये दोन सरकारांच्या मधल्या फटीत माणसं पडली. आपल्याकडे वृद्धाश्रम आणि रुग्णालय यांच्यामधली फट त्याहून रुंद आहे.

तोवर कुटुंबांनी करायच्या गोष्टी आहेत. केंद्र निवडताना जेवणाचा हॉल आणि बाग सगळे दाखवतात. तुम्ही रात्रपाळीचं वेळापत्रक मागा: किती रहिवाशांमागे किती मावशी-मामा, सिस्टर हजर असते की फोनवर, गिळताना ठसका लागला तर पहिल्या पाच मिनिटांत कोण काय करतं. औषधपत्रक दर महिन्याला बघायला मिळेल का, हे आधीच लेखी ठरवा, आणि झोपेची किंवा 'शांत राहण्याची' नवी गोळी सुरू झाली तर ती कशासाठी, किती दिवसांसाठी आणि कोणी लिहिली हे त्याच दिवशी कळवलं जावं असा आग्रह धरा. वजन दर महिन्याला मागा. भेटायला ठरलेल्या रविवारी न जाता एखाद्या मंगळवारी सकाळी सातला जा, आंघोळीच्या वेळी. शक्य असेल तर आंघोळ स्वतः घाला. पाठ, टाचा, काखा तेव्हाच दिसतात.

केंद्र चालवणाऱ्यांशीही बोलायचं आहे, कारण त्यातले बरेच जण पोटतिडकीने काम करतात आणि तुटपुंज्या पैशांत करतात. एक वही ठेवा: कोणाला, कधी, कशाने, किती वेळ बांधलं, त्याआधी काय करून पाहिलं, घरी किती वाजता कळवलं. ती वही नातेवाइकांना मागितल्यावर दाखवा. पहिल्या महिन्यात तिच्यात बऱ्याच नोंदी असतील आणि ते वाचून संकोच वाटेल. तरी ती दाखवा. आणि ज्या मावशी रात्री तीन वाजता ओरडणाऱ्या आजोबांचा हात धरून व्हरांड्यात चालत राहतात, त्यांना बांधणं टाळण्याची ही कला दुसऱ्या पाळीला शिकवायला वेळ द्या, आणि त्या वेळेचा पगार द्या.